निवळलेलं पाणी

मृग बरा बरसला. लोकांनी धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकले, बोटभर वर आले, आणि मग आभाळाने जी पाठ फिरवली ती एकवीस दिवस. सानगडीच्या अल्याडच्या त्या गावात धानाची कोवळी रोपं उन्हात पिवळी पडू लागली आणि बांधीच्या, म्हणजे बांध घातलेल्या वावराच्या तुकड्याच्या, मातीला बोट जाईल अशा भेगा गेल्या. तलावात पाणी अर्ध्यावर होतं, पण गेटाला कुलूप. रोवण्याआधी, म्हणजे रोपं उपटून बांधीत लावायच्या आधी, पाणी सोडायचं नाही, असा गावाचा जुना ठराव. ठराव करताना पोट भरलेलं असतं, मोडायची वेळ येते तेव्हा कोणी पुढे होत नाही.

टिकारामचं तसं बरं चाललं होतं. त्याच्या वावरात बोर होती. दिवसातून तासभर पाणी द्यायची आणि मग खोकत बसायची. त्या तासातलं अर्धं पाणी त्याच्या पऱ्ह्याला जाई आणि अर्धं मंगेशच्या शेडात.

या शेडाचं सांगायला पाहिजे. टिकारामचा मुलगा मंगेश दक्षिणेत समुद्री जीवांची पिल्लं वाढवणाऱ्या एका हॅचरीत, समुद्राकाठी, चार वर्षं कामाला होता. गेल्या साली परत आला, तो समुद्रच घेऊन आला म्हणा ना. वावराच्या कडेला हिरवी जाळी लावून शेड घातलं, सिमेंटचे तीन टाके बांधले, गोण्यांनी खास मीठ आणून पाणी खारं केलं आणि त्यात शंख सोडले. भोवऱ्यासारखे, लाल पट्ट्यांचे, जिवंत. शहरातले शौकीन लोक घरात खाऱ्या पाण्याच्या काचपेट्या ठेवतात, त्या काचेवर शेवाळ धरतं, ते हे शंख चाटून साफ करतात. त्यांचीच पैदास करायची आणि दुकानांना द्यायची.

"म्हनजे नागपूरवाल्याईची काच चाटाले टिकारामच्या पोट्ट्यानं गोगलगाई पोसल्या!" गाव पोट धरून हसलं होतं.

पण मंगेश हसण्यावारी नेणारा नव्हता. नर-मादी शंख तो दुपारभर कोरडे ठेवी, मग ताज्या कोमट पाण्यात सोडी. आधी नर दुधासारखं काही सोडत, मग माद्या हिरवी हिरवी अंडी. पिल्लं तीन दिवस पाण्यात तरंगत आणि नंतर शेवाळ धरलेल्या प्लास्टिकच्या पाट्यांना चिकटत. मोहरीएवढं पिल्लू दिसायला लागलं की मंगेशची आई ललिताबाई चष्मा लावून मोजायला बसे. "आज दोनशे लेकरं वाढले वो," ती सांगे. नातू नव्हता अजून, शंखांवरच भागवत होती.

शेड घालायच्या आधी ग्रामसभेत वाद झाला होता. धानाच्या गावात मीठ कशाला, असं लोक म्हणाले. खरंच होतं त्यांचं. तेव्हा टिकाराम उभा राहिला आणि म्हणाला, "खाऱ्या पाण्याचा एक थेंब माह्या धुऱ्याच्या बाहीर जानार नाई. माही जबान आहे." लोक तरी कुजबुजत राहिले. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून बेबीबाई ओरडली, "करू द्या न बाप्पा पोराले! सारे पोट्टे नागपूरले जाऊन वाचमेन होऊन राहिले. माहा मालक बी तठीच बसला आहे खुर्चीवर. हा एक तं वापस आला!" सभा हसली आणि मंजुरी मिळाली.

ही बेबीबाई म्हणजे टिकारामच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, धुरा लागून असलेली, खालच्या अंगाची शेजारीण. नवरा गोमाजी नागपूरला एका सोसायटीत चौकीदार. वावर हीच करायची आणि वर वीस बायांची रोवण्याची टोळी चालवायची. जीभ अशी की मुकादमही वळणाने जाई. टिकारामला ती भाऊजी म्हणे. लग्न होऊन आली त्या दिवसापासून, सदतीस वर्षं.

पावसाने पाठ फिरवल्याच्या तिसऱ्या आठवड्यात मंगेश शंखांच्या पेट्या घेऊन हैदराबादला निघाला. निघताना बापाला म्हणाला, "बाबा, मधल्या टाक्याचं पानी जुनं झालं आहे. त्यातले शंख मी बाजूच्यात टाकले. ते पानी पाइपानं ताडपत्रीच्या खड्ड्यात सोडजा. तठी सुकते, मंग मीठ खरडून घेऊ. घाई नाई."

"जा गा तू. मले का समजत नाई का?" टिकाराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टाक्याजवळ पाइप घेऊन उभा असताना धुऱ्यापलीकडे बेबीबाई दिसली. डोक्यावर गुंडभर पाणी, हातात बादली. अर्ध्या कोसावरच्या हातपंपावरून पाणी आणून ती पऱ्ह्यावर तांब्यातांब्याने शिंपडत होती. चार गुंठ्यांचे पऱ्हे आणि तांब्याने पाणी! माती ते पिऊन टाकी आणि ओठही ओले करत नसे.

"काहून वयनी, असं तं तुमची कंबर जाईल," टिकाराम म्हणाला.

"कंबर जाऊ द्या भाऊजी, पऱ्हे नाई गेले पाहिजे. दुसऱ्यांदा टाकाले बीज नाई अन् दिवस बी नाई." ती तिथेच धुऱ्यावर बसली. एरवी उभ्या उभ्या दोन टोमणे मारून जाणारी बाई बसली, तेव्हा टिकारामला कसंतरी झालं. "तुमच्या बोरचं मी मांगत नाई. तुमचंच भागत नाई, ठाऊक आहे मले," ती म्हणाली आणि उठून परत हातपंपाकडे गेली.

टिकारामने टाक्यात पाहिलं. चार हजार लिटर पाणी, आरशासारखं. तळाची खडी न् खडी दिसत होती. खाली बसलेला पांढरा गाळ दिसत होता, भिंतीला मिठाची किनार दिसत होती. आणि एवढं पाणी खड्ड्यात ओतून उन्हाला पाजायचं! ज्याच्या बापाने बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यासाठी भावाशी बोलणं सोडलं होतं, त्याच्याने हे पाहवेना.

मग त्याच्या डोक्यात तो विचार आला. लहानपणी बोडीचं गढूळ पाणी घरी आणलं की आई माठात निवळीची बी घासायची. तासाभरात गाळ खाली आणि वर नितळ पाणी. तेच सारे पीत. गाळ खाली बसतो, मातीही बसते, मग मीठ का बसणार नाही? बसलंच होतं की, डोळ्यांनी दिसत होतं. दोन दिवस टाकं हललेलं नव्हतं. वरचं वरचं पाणी घ्यायचं, तळाचं हातभर ठेवायचं. हिशेब त्याला इतका बरोबर वाटला की त्याने बोट बुडवून जिभेला लावूनसुद्धा पाहिलं नाही. मंगेशला फोन करावा, असं मात्र एकदा वाटलं होतं. फोन त्याने खिशातून काढलाही होता. पोरगा नाही म्हणेल म्हणून परत ठेवला. पुढे त्याला सगळ्यात जास्त तेच डाचत राहिलं.

त्याने पाइप टाक्यात बुडवून भरून घेतला, एक तोंड पाण्यात वरच्यावर धरलं, दुसरं हाताने दाबून धुऱ्यावरून खाली सोडलं आणि पाणी चालू झालं. दुपारपर्यंत बेबीबाईचे पऱ्हे चिंब झाले. भेगा बुजल्या. ती बादली घेऊन परतली तर बांधीत आभाळ दिसत होतं.

"अवो माय!" तिच्या हातून बादली पडली. "भाऊजी, हे कोनतं पानी?"

"टाक्यातलं. निवळलेलं आहे. मीठ खाली बसलं," टिकाराम म्हणाला.

ती धुरा ओलांडून आली आणि चिखलाच्या हातांनीच त्याच्या पायांना हात लावला. "सख्खा भाऊ करत नाई बाप्पा एवढं." डोळे पुसताना तिच्या गालावर चिखल लागला. टिकाराम लाजला, पण खरं सांगायचं तर त्याला फार बरं वाटलं. घरी जाऊन त्याने दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी पऱ्ह्यांचे शेंडे पांढरे पडले. चौथ्या दिवशी रोपं विस्तवाजवळ धरल्यासारखी करपून आडवी झाली.

त्याच दुपारी मंगेश आला. बापाने बोलायच्या आधीच त्याने उपसलेलं टाकं पाहिलं, कोरडा खड्डा पाहिला आणि धुऱ्यापलीकडे नजर टाकली. शेडातून त्याने पाण्याचा खारेपणा मोजायची दुर्बिणीसारखी नळी आणली, खालच्या बांधीत जाऊन कोपऱ्यातल्या डबक्यात उरलेल्या पाण्याचा एक थेंब तिच्या काचेवर सोडला आणि आभाळाकडे धरून पाहिलं.

"बाबा, मीठ बसत नसते," तो परत शेडाजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला. "पान्यात विरघळलं की वर-खाली सारखंच राहते. तळाले बसलं होतं ते मीठ नव्हतं, चुन्याचा गाळ होता. शंवर किलोच्या वर मीठ गेलं त्याईच्या बांधीत."

टिकारामने टाक्याच्या तळाच्या उरलेल्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

ललिताबाई शेडाच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती बाहेर आली आणि आधी इकडे-तिकडे पाहिलं. "कोनाले सांगतलं का?"

"नाई."

"मंग सांगू बी नका. तुमी सभेत जबान देल्ली होती. गाव येऊन टाके फोडन. पोराचे चार वर्सं पान्यात जाईल. पऱ्हे का तिचे एकटीचेच गेले? अर्ध्या गावाचे वाळून राहिले."

"तिचे वाळले नाई, मी जाळले," टिकाराम म्हणाला.

"हळू बोला!"

मंगेश बापाकडे पाहत नव्हता. तो नळी पुसत राहिला आणि आईचं म्हणणं त्याने खोडून काढलं नाही. टिकारामने पोराला दोष दिला नाही. मनातून त्यालाही तेच हवं होतं, ही खरी गोष्ट आहे.

दोन दिवसांनी पाऊस आला, कौलं वाजवत आला. गाव नाचलं. टिकाराम पडवीत बसून खालच्या बांधीत पाणी साचताना पाहत होता. धुऊन जाईल, पार नाल्याला जाईल, असं तो स्वतःशीच म्हणत होता. पण बेबीबाईने फावडं घेऊन आपल्या बांधीची फोड, पाणी जायची वाट, बंद केली. एवढी वाट पाहिल्यावर आलेलं पाणी कोण जाऊ देईल?

इकडे पऱ्हे कशाने गेले याची चर्चा सुरू झाली होती. टिकारामच्या पाण्यावर कोणाचं बोटही गेलं नाही; लोकांना ते बोरचंच वाटलं आणि बेबीबाईला निवळलेलं. बेबीबाई ज्याला त्याला सांगे, भाऊजींच्या पान्यानं तं चार दिवस जीव देल्ला, नाईतं पयलेच गेले असते. मग कोणीतरी नत्थूचं नाव काढलं. नत्थू पाठीवर पंप घेऊन रोजीने फवारणी करी. त्या आठवड्यात त्याने पल्याडच्या धुऱ्यावर तणनाशक मारलं होतं. बस, ठरलं. बेबीबाईने त्याला चौकात गाठलं आणि असं फैलावर घेतलं की तो पंप तिथेच टाकून घरी गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याला कोणी कामाला बोलावेना.

नत्थू टिकारामकडे आला. पडवीखालीच उभा राहिला, वर आला नाही.

"काकाजी, तुमी तं धुऱ्यावरच राहता. तुमी पायलं न? मी वयनीच्या बांधीकडे मारलंच नाई. वारा बी उलटा होता. तुमचं सारे आयकते. एक डाव सांगा न वयनीले."

टिकारामच्या तोंडापर्यंत आलं होतं. आत ललिताबाईने भांडं जोरात ठेवलं.

"होते गा असं कधी कधी," टिकाराम म्हणाला. "वाऱ्याचा का भरवसा."

नत्थू "तुमी बी?" म्हणाला आणि गेला. टिकारामला स्वतःची किळस आली. आजवर त्याने कोणाचं काडीएवढं नुकसान केलं नव्हतं आणि आता एका तोंडाने दोन घरं बुडवत होता.

त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. काहीतरी फेडावं म्हणून तो बेबीबाईकडे गेला आणि म्हणाला, "माहे पऱ्हे जास्तीचे आहे. तुमच्या साऱ्या बांध्याईले पुरन. घेऊन जा." हेही खरं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या दोन बांध्या पडीक राहणार होत्या. ललिताबाईने कपाळावर हात मारला, पण अडवलं नाही.

बेबीबाईला काय बोलावं सुचेना. तिच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असेल. दुसऱ्या दिवशी पहाटे ती जंगलाच्या कडेला गेली आणि पदरात सात्या घेऊन आली. पावसाच्या गडगडाटानंतर वारुळाजवळ उगवणाऱ्या या पांढऱ्या अळंब्या दोन दिवस मिळतात आणि ज्याला सापडतात तो सख्ख्या भावालाही जागा सांगत नाही. तिने स्वतःच्या घरी एक ठेवली नाही. सगळ्या ललिताबाईच्या सुपात ओतल्या आणि जाताना परत टिकारामच्या पाया पडली.

"नका न वयनी," तो मागे सरकला.

"पडू द्या भाऊजी. देवाच्या पाया पडून एवढं भेटलं नाई कधी."

ललिताबाईने लसूण घालून भाजी केली. मंगेशने दोन घासांत ताट सारलं. टिकाराम खात राहिला. टाकून दिली असती तरी पाप आणि खाल्ली तरी पाप, मग निदान अन्नाचा अपमान नको, अशी त्याने मनाची समजूत घातली.

बेबीबाईच्या रोवण्याच्या आदल्या संध्याकाळी मंगेश ती नळी घेऊन परत खालच्या बांधीत गेला. आला तेव्हा तोंड उतरलं होतं.

"कमी झालं आहे, पन गेलं नाई. त्या बांधीत धान टिकत नाई, बाबा. बाकी बांध्या बऱ्या आहे. त्याईनं तिकडून रोवणा सुरू केला तं दोन-तीन दिवस भेटन आपल्याले. काही बहाना करून पानी सोडून देऊ..."

"बहाना," टिकाराम म्हणाला. त्याला तो शब्दच ओकारीसारखा वाटला. तरी रात्रभर त्याने तेच मागणं मागितलं की बाईने दुसऱ्या बांधीपासून सुरुवात करावी.

सकाळी तो धुऱ्यावर गेला. रिमझिम सुरू होती. वीस बाया डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन रांगेने उतरल्या होत्या, त्या नेमक्या त्याच बांधीत. पाणी जास्त, चिखल मऊ, हात भरभर चालतात म्हणून. टिकारामच्या पऱ्ह्यांच्या जुड्या बांधीभर फेकलेल्या होत्या. गाणं चाललं होतं, बेबीबाई सुरुवात करी आणि बाया ओढून धरीत. वाकलेल्या पाठी मागे मागे सरकत होत्या आणि पुढे हिरव्या रांगा उभ्या राहत होत्या. दोन रांगा झाल्याही होत्या.

"या भाऊजी!" बेबीबाई वाकल्या वाकल्याच ओरडली. "पाहा तुमचे पऱ्हे कसे उभे राहिले. बायाहो, हाच तो मानूस, ज्यानं मले पानी देल्लं!"

बाया हसून त्याच्याकडे पाहू लागल्या. मागे शेडाच्या दारात मंगेश उभा होता. टिकारामने वळून त्याच्याकडे पाहिलं. मंगेशने नजर खाली घातली, मग वर केली आणि मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते टिकारामला कळलं नाही. त्याने विचारलंही नाही. तो धोतर खोचून बांधीत उतरला.

"रोवणा थांबवा," तो म्हणाला.

गाणं अर्धवट राहिलं. "का झालं?"

"या बांधीत मीठ आहे. तुमचे पऱ्हे नत्थूनं नाई जाळले. मी जाळले. टाक्यातलं पानी खारं होतं. मले वाटलं वरचं निवळलं. नव्हतं निवळलं. हे पऱ्हे बी अठी जळन. पानी काढून टाकाले लागन, दोन-तीन डाव भरून सोडाले लागन. मी सोडतो. माही चुकी आहे, वयनी."

वीस बाया उभ्या राहिल्या. कोणाच्या तरी हातातली जुडी सुटून पाण्यात पडली. एक म्हातारी म्हणाली, "चुकी झाली बिचाऱ्याची, मुद्दाम थोडी केलं," आणि टिकारामला वाटलं, संपलं, सुटलो.

बेबीबाई सरळ झाली. कंबरेवर हात ठेवून तिने त्याच्याकडे पाहिलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुमाले कवा समजलं?" तिने विचारलं.

अजूनही एक वाट होती. 'काल' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. मंगेश काही बोलला नसता, ललिताबाई काही बोलली नसती आणि गावाने दोन शिव्या देऊन विषय सोडला असता. टिकारामची जीभ तिकडे वळलीही होती.

"दहा दिवस झाले," तो म्हणाला. "मंगेश आला त्याच दिवशी."

बेबीबाई बोटांवर काही मोजत असल्यासारखी थांबली. "म्हनजे मी नत्थूले चौकात बोलली, तवा ठाऊक होतं."

"होतं."

"सात्या आनल्या, तवा बी?"

"होतं."

"अन् मी पाया पडली." तिचा आवाज तिथे जरा फाटला. "पऱ्हे जाते न् येते बाप्पा. साऱ्याईचेच जाते. पन तुमी उभं राहून मले पाया पडू देल्लं."

पावसाचं पाणी टिकारामच्या भुवयांवरून डोळ्यांत जात होतं आणि ते पुसायचीही त्याला लाज वाटत होती. तो वाकून जवळची जुडी उचलायला गेला.

"ठेवा ते," बेबीबाई म्हणाली. मग बायांकडे वळली. "जुड्या उचला. रोवलेलं बी उपटा, मुळाले धक्का लावू नका. दुसऱ्या बांधीत चला. अन् एकजन नत्थूच्या घरी जा, म्हना बेबीबाईनं बलावलं, मीच येत होती पन रोवणा सोडता येत नाई."

बाया हलल्या. चिखलातून पाय निघाल्याचे आवाज तेवढे येत होते. टिकाराम मधोमध उभाच होता. काय करावं, कुठे जावं, त्याला समजत नव्हतं.

बेबीबाईने कंबरेला पदर खोचला आणि शेवटचं एकदा त्याच्याकडे वळली.

"टिकारामजी," ती म्हणाली, "बांधीच्या बाहीर व्हा. आमाले काम करू द्या."

सदतीस वर्षांत तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती. तो बाहेर झाला.